टाकीवरचं गोणपाट

ज्यांच्या गिरणीचा तांदूळ इथल्या बहुतेकांच्या पोटात आज दुपारीही गेला असेल, ते आपल्या संस्थेचे अध्यक्ष सन्माननीय धर्मराजशेठ. ज्यांचं खरं नाव पनवेलात पोस्टमनशिवाय कुणाला ठाऊक नाही, त्या आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आदरणीय मोठ्या बाई. संस्थेचे सभासद, माझ्या सहकारी शिक्षिका, वेळात वेळ काढून आलेले पालक, सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या मुली. आणि व्यासपीठावर खुर्चीच्या अगदी कडेला, कुणी हाक मारली तर उठायला बरं, अशा बेताने बसलेल्या आजच्या उत्सवमूर्ती, आमच्या गुणाबाई...

गुणाबाई, मागे सरकून बसा पाहू. ती खुर्ची आज सकाळी तुम्हीच पुसलीत, हे मी पाहिलं आहे. आता तिला जरा पाठ टेका. चहाचं दुसऱ्या कुणीतरी बघेल.

मंडळी, शाळेच्या शिपाईबाईंसाठी एवढा मोठा समारंभ कशाला, असं मला गेल्या पंधरवड्यात तिघांनी विचारलं. तिघेही या सभागृहात आहेत, त्यांनी काळजी करू नये, मी नावं घेणार नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, की या शाळेत गेल्या पंधरा वर्षांत मुख्याध्यापिका बदलल्या, शिक्षिका लग्न होऊन गेल्या, बाकं बदलली, कौलं तर तीनदा बदलली. घंटा मात्र एकाच हाताने वाजली. त्या हाताला निरोप द्यायचा तर तो व्हरांड्यात उभं राहून द्यायचा का?

आता तुमचं लक्ष या टेबलाकडे गेलं असेल. शाल आहे, श्रीफळ आहे, फुलं आहेत, आणि त्यांच्या शेजारी गोणपाटाची एक घडी आहे. आमच्या स्वयंसेविका मुलींनी ती दोनदा टेबलाखाली सारली आणि मी दोनदा वर काढून ठेवली. ते गोणपाट चुकून आलेलं नाही. धर्मराजशेठ, नीट पाहिलंत तर त्यावर तुमच्याच गिरणीचा शिक्का दिसेल. बराच पुसट झाला आहे. त्याची हकीकत सांगण्यासाठीच मी उभी आहे. भाषण थोडं लांबेल, आधीच सांगून ठेवते.

सन त्रेपन्नचा जून. मला या शाळेत येऊन एक वर्ष झालं होतं. बी.एस्‌सी. झालेली बाई त्या वेळी पनवेलात एकच होती, आणि ती मी होते. हे मला फार ठाऊक होतं. सहकाऱ्यांनाही ठाऊक होतं, कारण मी दर दोन दिवसांनी ते त्यांच्या कानावर घालत असे. अशा वेळी धर्मराजशेठांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ शाळेला एक भेट दिली. मुंबईला तांदूळ उतरवून परत येणाऱ्या मालमोटारीत, भाताच्या तुसात बसवून, एक काचेची टाकी आली. लोखंडी चौकट, चार हात लांबी, सोळा बादल्या पाणी मावेल एवढी, आणि समोर पितळी पट्टीवर मातोश्रींचं नाव. बरोबर डब्यातून नऊ लाल मासे. उतरवून घेताना अर्धं पनवेल जमलं होतं. एका आजोबांनी मोटारीलाच नमस्कार केला.

आपलं गाव तळ्यांचं. पाण्याचं आणि माशांचं कुणाला नवल नाही. पण मासे खोलीत राहतात आणि आपण बाकावर बसून त्यांना पाहतो, ही गोष्ट मुलींना अपूर्व होती. सगळ्यात जाडजूड माशाचं नाव मुलींनी काय ठेवलं होतं, हे तेरा वर्षं आम्ही लपवून ठेवलं आहे. आज सांगून टाकते. त्याचं नाव 'मोठ्या बाई' होतं.

हसा, हसा. मोठ्या बाईही हसताहेत, त्याअर्थी मला अभय आहे.

तर टाकी कुठे ठेवायची? मी म्हटलं, दक्षिणेच्या खिडकीत. वनस्पतींना सूर्यप्रकाश लागतो, असं पुस्तकात लिहिलं आहे. तळ्यातलं थोडं पाणगवत आणून वाळूत लावलं, मासे सोडले. पंधरा दिवस शोभा अशी, की बघत राहावं. सोळाव्या दिवशी काचेवर हिरवी झाक आली. महिन्याभरात काचेला शेवाळाचा थर आणि सहामाही परीक्षेपर्यंत पाणी असं झालं, की टाकीत मासे आहेत हे पाहुण्यांना तोंडी सांगावं लागे. पालकाची पातळ भाजी एवढ्या मोठ्या भांड्यात कधी कुणी केली नसेल.

मी हार मानणारी नव्हे. मी फर्मान काढलं, टाकीचं सगळं पाणी रोज बदलायचं आणि काच रोज घासायची. फर्मान माझं, आणि विहिरीवरून सोळा बादल्या आणायच्या कुणी? गुणाबाईंनी. रोज शाळा भरायच्या आधी. आणि प्रत्येक बादली टाकीत ओतण्याआधी ही बाई काय करी? पाण्यात बोट बुडवी आणि ते जिभेला लावी.

मला ते पाहून शिसारी आली. आरोग्यशास्त्राचा तास मीच घेत असे. मी त्यांना व्हरांड्यात उभं करून जंतूंवर एक छोटं व्याख्यान दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, माझा बाप मिठागरावं व्हता. भरतीचं पानी बांधाच्या कोंड्यात घेतलं का आमी पयलं जिभंवं घेतो. पानी काय बोलतंय, ते जीभ सांगते. डोल्याला काय कलतं?"

मी म्हटलं, ही टाकी आहे, मिठागर नाही. त्या म्हणाल्या, "पानी पानीच हाय, बाई."

महिनाभर सोळा बादल्या झाल्या आणि शेवाळ वाढतच गेलं. एके दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, पान्याचं पोट भरलंय. पोट भरलेलं पानी हिरवं व्हतंच." आणि मूठ उघडून त्यांनी मला वाळूतून निघालेल्या कागदाच्या बारीक बारीक सुरळ्या दाखवल्या. कुजलेल्या, पण अक्षर वाचता येत होतं. प्रत्येकीवर 'श्रीराम' लिहिलेलं.

इथल्या आयांना आता उलगडा झाला असेल. परीक्षा आली की आपल्याकडच्या मुली काय करतात? कागदावर रामनाम लिहायचं, त्याची सुरळी कणकेच्या गोळीत घालायची आणि तळ्यावर जाऊन माशांना खाऊ घालायची. एकशे आठ गोळ्या घातल्या की गणितात पास. शाळेतच टाकी आल्यावर तळ्यापर्यंत जायचं कशाला? टाकीवर झाकलेल्या फळीला बोटभर फट होती. दोनशे मुली, आणि नऊ मासे! मासे खाणार तरी किती? उरलेली कणीक वाळूत कुजायची. वरून दक्षिणेचं ऊन. शेवाळाला याहून चांगली खाणावळ कुठे मिळणार होती?

हे मी आज सांगते आहे. त्या दिवशी मी काय म्हटलं? मी म्हटलं, "गुणाबाई, कणकेने पाणी पांढरं होईल, हिरवं कसं होईल?" आणि स्वतःच्या विनोदावर हसले. पदवीधर बाई हसली म्हणजे विषय संपला.

फेब्रुवारी चोपन्नमध्ये अलिबागहून पत्र आलं. शाळेची तपासणी. बुधवारी साहेब येणार, सोबत धर्मराजशेठ येणार, आणि साहेबांना मातोश्रींची टाकी दाखवायची आहे. ही तपासणी साधी नव्हती. शाळेची मान्यता कायम होणं तिच्यावर होतं. माझी दोन वर्षांची उमेदवारी एप्रिलमध्ये संपत होती, मी कायम होणं तिच्यावर होतं. आणि तीन वर्षं हंगामी म्हणून राबलेल्या गुणाबाईंना कायम करण्याचा कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर सहीसाठी ठेवलेला होता.

शनिवारी दुपारी गुणाबाई पुन्हा आल्या. म्हणाल्या, "बाई, मला चार दिस द्या. टाकी खिडकीतून काढू. वरून गोणपाट टाकू. उजेड नको, खायाला नको, पानी ढवलायचं नाय. बुधवारी सकाली मी गोणपाट काढते. तवर कुनी हात लावायचा नाय."

माझ्याजवळ दुसरा उपाय उरला नव्हता, म्हणून मी हो म्हटलं. धर्मराजशेठांच्या गिरणीतून एक मोठं गोणपाट मागून आणलं. टाकी अर्धी रिकामी करून चौघींनी ती भिंतीच्या सावलीत सरकवली. हेच ते गोणपाट.

रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी शाळा सुटल्यावर माझ्या मनात आलं, की एकदा बघायला काय हरकत आहे? खोलीत कुणी नव्हतं. मी गोणपाटाचा कोपरा उचलला. पाणी मला अजून गढूळ हिरवट दिसलं. आणि माझा धीर सुटला.

मंडळी, आता जे सांगणार आहे ते मी बारा वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या घरीसुद्धा नाही.

प्रयोगशाळेच्या कपाटात मोरचुदाची निळी बाटली होती. मोरचुदाने शेवाळ मरतं, हे मी वाचलं होतं. किती घालायचं, तेही वाचलं होतं. कणभर, असं लिहिलं होतं. मी विचार केला, कणभराने जे उद्या होईल ते चमचाभराने आज होईल. मी चहाचा चमचा भरून मोरचूद पाण्यात विरघळवलं, टाकीत ओतलं, गोणपाट होतं तसं सारखं केलं, कपाटाला कुलूप लावलं आणि घरी गेले. शांत झोप लागली मला, हेही सांगून टाकते.

बुधवारी सकाळी गुणाबाईंनी गोणपाट काढलं, तेव्हा मोठ्या बाई, मी आणि चार शिक्षिका तिथे होतो. पाणी निवळलेलं होतं. आणि नऊही मासे पाण्यावर उताणे होते. मुलींनी जिचं नाव मोठ्या बाई ठेवलं होतं, तीसुद्धा. पाणगवताबरोबर आलेल्या तळाच्या गोगलगाईसुद्धा मेल्या होत्या. एक मुलगी दारातून डोकावली आणि मोठ्याने रडायला लागली.

मोठ्या बाईंनी विचारलं, "हे गोणपाट कुणी टाकलं?"

त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या जागी मी असते तरी हेच विचारलं असतं. चार दिवस हवा-उजेड बंद केला, मासे गुदमरले, असंच कुणालाही वाटेल.

गुणाबाई टाकीपाशी गेल्या. त्यांनी पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि खिडकीबाहेर थुंकल्या. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, आपण घड्याळाकडे बघतो तेवढंच. आणि म्हणाल्या, "मी टाकलं."

मी तिथेच उभी होते. त्यांच्यापासून दोन हातांवर. मला बोलता येत होतं. बोलण्याचाच माझा धंदा आहे. पण मी बोलले नाही.

साहेब आले, रिकामी टाकी पाहून गेले. धर्मराजशेठांनी पितळी पट्टीवरून हात फिरवला आणि विचारलं, "मासे कुठे गेले?" त्यांना सांगण्यात आलं, शिपाईबाईने गोणपाट टाकलं. ते तसेच बाहेर पडले. शेठ, तुमचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून गेलेला नाही. मासे गुणाबाईंनी सुपात घेऊन मागच्या जास्वंदीखाली पुरले. शाळेला मान्यता मिळाली. मी एप्रिलमध्ये कायम झाले. आणि गुणाबाईंच्या सर्व्हिस बुकात लाल शाईने शेरा पडला: 'निष्काळजीपणामुळे संस्थेच्या मौल्यवान भेटीची हानी. कायम करण्याचा विचार तूर्त स्थगित.'

हंगामी माणसाला दर जूनला नव्याने अर्ज करावा लागतो. 'मला चालू वर्षी कामावर ठेवावे, ही नम्र विनंती.' गुणाबाईंना लिहिता येत नाही. त्या जूनमध्ये त्या कोरा कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. तेवढं लिहून द्या." मी लिहून दिलं. पुढच्या जूनला पुन्हा. त्याच्या पुढच्या जूनला पुन्हा. तीन अर्ज, माझ्या सुंदर अक्षरात, आणि खाली त्यांचा अंगठा. एका मुख्याध्यापिकेने आपल्या मुलींसमोर हे सांगावं का? मला वाटतं, सांगावं. शास्त्राच्या तासाला मी तुम्हांला काय शिकवते? प्रयोग फसला तर वहीत तसंच लिहायचं. माझी वही बारा वर्षं कोरी राहिली आहे.

जरासं पाणी पिते.

आता टाकीचं पुढे काय झालं ते ऐका, कारण ते ऐकण्यासारखं आहे. टाकी अडगळीत टाकायचं ठरत होतं. गुणाबाईंनी मोठ्या बाईंकडे जाऊन ती मागून घेतली. "टाकीचं पाप माझ्यावं हाय, तं टाकी बी माझ्याकडंच राहू दे," एवढंच म्हणाल्या. मोठ्या बाईंनी त्यांना ती दिली, हे मोठ्या बाईंचं मोठेपण.

त्यांनी टाकी वाळूसकट सात वेळा धुतली. उत्तरेच्या भिंतीला लावली, जिथे सकाळचा कोवळा उजेड दोन तास येतो आणि जातो. मी चार काड्या पाणगवत लावलं होतं, त्यांनी तळ्यावरून पाटीभर आणलं, एकेक काडी धुऊन निवडून, मेथीची जुडी निवडावी तशी, आणि सगळ्या वाळूत दाट लावलं. मी विचारलं, एवढं कशाला? तेव्हा मिळालेलं उत्तर मी आजवर अकरावीच्या प्रत्येक तुकडीला सांगितलं आहे. "पान्यात जे काय खान्यासारखं असतं, ते कुनीतरी खानारच, बाई. गवतानं खाल्लं, तं शेवालाला उरत नाय." हीच गोष्ट माझ्या पुस्तकात दीड पान होती आणि मला समजली नव्हती.

विहिरीचं पाणी हंड्यात दोन दिवस ठेवायचं. शनिवारी टाकीतलं चौथा हिस्सा पाणी रबरी नळीने तळाच्या घाणीसकट काढायचं, ते जास्वंदीला घालायचं, आणि हंड्यातलं पाणी वाटीने, हळूहळू, जीभ लावून, आत सोडायचं. माशांना खायला किती? आपण पन्नास आकडे म्हणेपर्यंत संपेल तेवढंच. चार गोगलगाई काच चाटायला. काचेवर तरीही थोडं शेवाळ येतंच. ते त्या पुढच्या काचेवरून पुसतात, मागच्या काचेवरचं राहू देतात. "गोगलगायीनं काय खावं मंग?" असं विचारतात.

आणि कणकेच्या गोळ्यांचं काय केलं? मी असते तर फळीला कुलूप लावलं असतं, पाटी लावली असती, दोन मुलींना बाकावर उभं केलं असतं. गुणाबाईंनी टाकीशेजारी एक पत्र्याचा डबा ठेवला. मुलींना सांगितलं, "या माशांना तुमच्या रोजच्या घोकंपट्टीचा कंटाला आलाय, त्यांच्याच्यानं पास व्हनार नाय. गोल्या डब्यात टाका. मी तल्यावं नेऊन सोडते. तितले मासे जुने हायेत, त्यांना अनुभव हाय." मुलींनो, तो डबा तुम्हां सगळ्यांच्या ओळखीचा आहे. परवाच्या वार्षिक परीक्षेलाही तो दोनदा भरला. ही पद्धत शाळेने सुरू केली, असं तुम्हांला वाटत असेल. ती यांनी सुरू केली.

तीन वर्षांनी तेच साहेब पुन्हा तपासणीला आले. टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले. तळाच्या वाळूचे कण मोजता येतील असं पाणी, हिरवंगार गवत, त्यात तळ्यातलेच धरून आणलेले चिमुकले मासे. त्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, 'मत्स्यपात्राची निगा अनुकरणीय.' आणि माझं अभिनंदन केलं. शास्त्राच्या बाई म्हणून! तिथे मात्र मी म्हटलं, की हे काम गुणाबाईंचं आहे. एवढी सुधारणा माझ्यात झाली होती. मोठ्या बाईंनी त्याच आठवड्यात त्यांना कायम केलं. पण लाल शाईचा शेरा कायम होण्याने पुसला जात नाही. तो तसाच राहिला. गेल्या जूनपासून ते सर्व्हिस बुक ज्या कपाटात आहे, त्याची किल्ली माझ्या कमरेला आहे. दहा महिने मी ती किल्ली घेऊन हिंडते आहे.

गेल्या शनिवारी गुणाबाईंनी मला टाकीचा चार्ज दिला. नळी, वाटी, हंडा, डबा. सगळ्यात शेवटी हे गोणपाट, धुऊन, उन्हात वाळवून, घडी करून. मी ते हातात घेतलं आणि बारा वर्षांनी विचारलं, "गुणाबाई, त्या दिवशी तुम्हांला कळलं होतं?"

त्या म्हणाल्या, "जिभंला कललं ना, बाई. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं का कसं लागतं, तसं पानी लागलं. आनि गोनपाटाखाली गोगलगाय मरत नाय. ती महिना काढील. तुमच्या कपाटात निली बाटली व्हती, मी रोज पुसायची."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

मला वाटलं होतं, काहीतरी मोठ्या मनाचं उत्तर येईल आणि मी रडेन. त्या काय म्हणाल्या, ऐका. म्हणाल्या, "माझी भामा आठवीत व्हती. शास्त्राच्या बाई एकच. तुमाला काडून टाकलं असतं, तं माझ्या पोरीला शास्त्र कोन शिकवनार? पानी बदलता येतं, बाई. मास्तरीन कुठून आनू?"

भामा तिसऱ्या रांगेत बसली आहे. आपटा गावच्या शाळेत शिक्षिका आहे. मॅट्रिकला शास्त्रात तिला शाळेत पहिला नंबर मिळाला होता, आणि मी सगळीकडे सांगत फिरत होते, माझी विद्यार्थिनी, माझी विद्यार्थिनी. तिच्या शास्त्राची किंमत तिच्या आईने तीन जून अंगठा उठवून भरली, हे मला शनिवारी कळलं. भामा, तुला हे ठाऊक नव्हतं, तुझ्या चेहऱ्यावरूनच दिसतं आहे. तुझी आई तुला कधी सांगणार नाही, म्हणून मी सांगितलं.

आणखी एक त्या म्हणाल्या. मी विचारलं, "बुधवारी सकाळपर्यंत मी थांबले असते, तर?" म्हणाल्या, "मंगलवारीच पानी बसत आलं व्हतं. तुमी संध्याकालच्या उजेडात बघितलं." एक रात्र मला धीर धरवला नाही.

धर्मराजशेठ, मोठ्या बाई, आता कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे माझं भाषण संपून शाल-श्रीफळ व्हायचं आहे. मी अध्यक्षांकडे एक विनंती करणार आहे. माझ्या हातात हा एक अर्ज आहे. गुणाबाईंसाठी मी तीन अर्ज लिहिले, हा चौथा. अक्षर तेच आहे. खाली अंगठा मात्र त्यांचा नाही, सही माझी आहे. वाचते.

'माननीय अध्यक्ष, यांस. सन १९५४ च्या फेब्रुवारीत शाळेच्या टाकीतील मासे श्रीमती गुणाबाई यांच्या निष्काळजीपणामुळे मेले नसून, मी, चंद्रावती, त्या वेळची शास्त्र-शिक्षिका, हिने कुणासही न विचारता पाण्यात प्रमाणाबाहेर मोरचूद घातल्यामुळे मेले. गोणपाटाचा उपाय योग्य होता. तरी श्रीमती गुणाबाई यांच्या सर्व्हिस बुकातील शेरा रद्द करावा, आणि तो शेरा माझ्या सर्व्हिस बुकात लिहावा, ही नम्र विनंती.'

दोन्ही सर्व्हिस बुकं या गोणपाटाच्या घडीत आहेत. लाल शाईचं पेनही आणलं आहे. माझ्या बुकात काय लिहायचं ते संस्थेने ठरवावं, मी त्याला तयार आहे. या शाळेत माझं बरंच काम बाकी आहे आणि एका शेऱ्याने ते अडणार नाही, असा मला भरवसा आहे. ज्या बाईंनी शेरा डोक्यावर घेऊन बारा वर्षं पाणी निवळ ठेवलं, त्यांच्या हाताखाली मी शिकले आहे.

शेठ, शाल थोडी थांबू शकेल. आधी सही.

मोठ्या बाई, तुम्हांला त्या सकाळी मी फसवलं. तुमच्या हातून एका निर्दोष माणसावर शेरा लिहवून घेतला. तुम्ही उठताहात... नको, तुम्ही बसा, मीच येते खाली. हं. ठीक आहे, या. तुमचीही सही हवी म्हणता? शेजारीच जागा आहे.

गुणाबाई, तुम्ही उठू नका. आज घंटा दुसरं कुणीतरी देईल.

आपण सगळ्यांनी एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, मुलींनी चुळबुळ केली नाही, पंखा बंद पडला तरी कुणी उठलं नाही, याबद्दल मी आपली आभारी आहे. भाषणाच्या शेवटी वक्त्याने म्हणायचं असतं, की बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर श्रोत्यांनी पोटात घालावं. तसं मी म्हणते. आजच्या माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल, तर तुम्ही सगळे मोठ्या मनाचे आहात, विसरून जाल.

पण बारा वर्षांपूर्वी त्या खोलीत मी बोलले नाही, त्याची क्षमा तुमच्यापैकी कुणाच्याही हातात नाही. ती या एका बाईंच्या हातात आहे. गुणाबाई, मला क्षमा करा.

काय म्हणता? जरा मोठ्याने बोला, मागच्यांना ऐकू जाऊ दे.

मंडळी, त्या म्हणताहेत, "आज शनवार हाय, बाई. टाकीचं पानी कोन बदलनार?"

मी बदलेन, गुणाबाई. हंड्यातलं, वाटीने, हळूहळू. आणि आधी जीभ लावून.